नोटीस पत्त्यावर येते, नावावर नाही

मे २००३ मध्ये अमेरिकेतील पेन स्टेट विद्यापीठाच्या खगोलशास्त्र विभागाला एक नोटीस आली. पाठविणारी होती ध्वनिमुद्रण कंपन्यांची राष्ट्रीय संघटना, म्हणजे 'आर.आय.ए.ए.'. विभागाच्या संगणकावर अशर या लोकप्रिय गायकाची गाणी बेकायदा ठेवलेली आहेत, ती त्वरित काढून टाकावीत, असा तिचा आशय होता. सत्रअखेरच्या परीक्षांचे दिवस होते. विभागातील मंडळींनी संगणक धुंडाळला, पण अशरचे एकही गाणे मिळेना. शेवटी उलगडा झाला. पीटर अशर नावाचे एक निवृत्त प्राध्यापक या विभागात होते आणि त्यांचे नाव संगणकावर होते. त्याच संगणकावर एका गाण्याची एमपी-३ फाइलही होती. हे गाणे गॅमा किरणांच्या स्फोटांचा अभ्यास करणाऱ्या 'स्विफ्ट' या उपग्रहावर रचलेले आणि खगोलशास्त्रज्ञांनीच गायिलेले होते. संघटनेच्या शोध घेणाऱ्या संगणकाने 'अशर' हा शब्द आणि एमपी-३ फाइल यांची बेरीज केली आणि नोटीस रवाना झाली. संघटनेने पुढे चूक मान्य करून माफी मागितली.

ही चूक एका प्रतिष्ठित विभागाच्या बाबतीत झाली, म्हणून ती लवकर उघडकीस आली. तीच वसतिगृहात राहणाऱ्या अठरा-एकोणीस वर्षांच्या विद्यार्थ्याच्या बाबतीत झाली असती तर? आपल्या संगणकावर काय आहे आणि काय नाही, हे त्याने कोणाला आणि कसे पटवून दिले असते? विद्यार्थ्यांवर रोखलेल्या अशा नोटिशींचे अमेरिकन विद्यापीठे काय करतात, हे या लेखात पाहू. प्रश्न कायद्याचा वाटतो. पण त्याच्या गाभ्याशी आम्हा प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांच्या ओळखीचा एक प्रश्न आहे: जे मोजले आणि त्यावरून जो निष्कर्ष काढला, त्या दोहोंत अंतर किती?

विद्यापीठेच का?

१९९९ मध्ये बॉस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठात शिकणाऱ्या शॉन फॅनिंग या तरुणाने 'नॅप्स्टर' हा प्रोग्राम तयार केला. आपल्या संगणकावरील गाणी इतरांना देणे आणि त्यांची आपण घेणे त्यामुळे अतिशय सोपे झाले. त्या काळात बहुतेक घरांत टेलिफोनच्या तारेवरून रडतखडत चालणारे इंटरनेट होते. वसतिगृहांच्या खोल्यांमध्ये मात्र विद्यापीठाची वेगवान जोडणी पोचली होती. साहजिकच गाण्यांची देवाणघेवाण तेथे झपाट्याने वाढली.

या देवाणघेवाणीत कायद्याचा भंग होत होता, याविषयी शंका नको. गीतकार, गायक, वादक, ध्वनिमुद्रक यांचे पोट ज्या कामावर चालते ते विनामोबदला वाटण्याचा अधिकार कोणाला नाही. तेव्हा तक्रार करणाऱ्यांची बाजू पोकळ होती असे समजू नये. विवाद आहे तो तक्रार कोणाविरुद्ध आणि कोणत्या पुराव्यावर, यासंबंधी.

कायद्याची चौकट

२८ ऑक्टोबर १९९८ रोजी अमेरिकेत डिजिटल मिलेनियम कॉपीराइट कायदा संमत झाला. त्याच्या ५१२ व्या कलमात इंटरनेटची सेवा पुरविणाऱ्यांना संरक्षण दिलेले आहे. ग्राहकाने कॉपीराइटचा भंग केला, तर काही अटी पाळणाऱ्या सेवादात्याकडून त्याची नुकसानभरपाई मागता येत नाही. विद्यार्थ्यांना इंटरनेट पुरविणारे विद्यापीठही अशा वेळी सेवादाताच ठरते.

येथे एक भेद नीट लक्षात घेतला पाहिजे. सामग्री विद्यापीठाच्या स्वतःच्या संगणकावर साठविलेली असेल, तर नोटीस मिळताच ती हटविणे ही संरक्षणाची अट आहे. ज्याची सामग्री हटविली त्याला 'ही तक्रार चुकीची आहे' असे प्रतिउत्तर देण्याची सोयही कायद्यात आहे. तक्रारदाराने दावा दाखल केला नाही, तर १० ते १४ कामकाजाच्या दिवसांत सामग्री पुन्हा जागेवर ठेवता येते. पण गाणे विद्यार्थ्याच्या स्वतःच्या संगणकावर असेल, तर विद्यापीठ केवळ वाहिनी असते. पाण्याच्या नळाने पाणी वाहून न्यावे तशी त्याच्या जाळ्यातून माहिती जाते. तेथे विद्यापीठाला हटविण्याजोगे काही नसतेच, आणि प्रतिउत्तराची ती ठरीव पद्धतही तेथे लागू पडत नाही. विद्यार्थ्यांविरुद्धच्या बहुतेक नोटिशी या दुसऱ्या प्रकारच्या असतात.

मग विद्यापीठे त्यांची दखल का घेतात? याचे एक कारण कायद्यातच आहे. वारंवार भंग करणाऱ्यांची सेवा बंद करण्याचे धोरण सेवादात्याने आखले आणि अमलात आणले पाहिजे, अशी अट दोन्ही प्रकारांना लागू आहे. पण 'वारंवार' कोणी केले हे ठरविण्यासाठी आधी 'कोणी केले' हे ठरवावे लागते. येथून पुढे काम तंत्रज्ञांकडे जाते.

पत्त्यापासून खोलीपर्यंत

नोटिशीत विद्यार्थ्याचे नाव नसते. तक्रारदाराला ते ठाऊकच नसते. नोटिशीत असतो इंटरनेटवरील एक पत्ता, म्हणजे आय.पी. क्रमांक, शिवाय एक तारीख, एक वेळ आणि गाण्याचे किंवा चित्रपटाचे नाव. जुन्या पद्धतीचा हा क्रमांक ३२ बिटांचा असतो. त्यामुळे जगात असे सुमारे ४ अब्ज ३० कोटीच पत्ते होऊ शकतात. तेवढे पुरत नाहीत, म्हणून ते फिरवून वापरतात.

बँकेत पैसे काढण्यासाठी पूर्वी पितळी बिल्ला मिळत असे, तो आठवून पाहा. सकाळी ११ वाजता ३७ क्रमांकाचा बिल्ला जोशीबाईंकडे होता. त्यांचे काम झाले, आणि १२ वाजता तोच बिल्ला पाटीलसरांकडे गेला. नुसते '३७ क्रमांकाचा बिल्ला' एवढ्यावरून माणूस ओळखता येणार नाही. त्यासाठी वेळ हवी आणि कोणाला कधी बिल्ला दिला याची वही हवी. विद्यापीठाच्या जाळ्यातही एक संगणक हेच काम करतो. एखाद्या यंत्राला अमुक वाजल्यापासून अमुक वाजेपर्यंत अमुक पत्ता दिला, अशी नोंद तो ठेवतो. दुसऱ्या नोंदीवरून ते यंत्र कोणत्या विद्यार्थ्याच्या खात्याशी जोडलेले होते हे कळते. या नोंदी बहुधा ठरावीक मुदतीनंतर पुसल्या जातात. नोटीस उशिरा आली, तर शोध तेथेच थांबतो.

या साखळीत चुकीच्या जागा कोठे आहेत? पहिली जागा घड्याळाची. नोटिशीतील वेळ पुष्कळदा जागतिक प्रमाणवेळेत असते. बॉस्टन हिवाळ्यात तिच्यामागे ५ तास आणि उन्हाळ्यात ४ तास असते. हा एका तासाचा फरक विसरला, तर बिल्ला जोशीबाईंऐवजी पाटीलसरांच्या नावावर पडतो. दुसरी जागा सामाईक पत्त्याची. विद्यार्थ्याने खोलीत छोटे राउटर बसविले असेल, तर खोलीतील सर्वांची यंत्रे बाहेरून एकाच पत्त्याची दिसतात. मोठ्या वाड्यात दहा बिऱ्हाडे आणि टपालाचा पत्ता एकच, तसे हे आहे. तिसरी जागा उसन्या दिलेल्या यंत्राची. संगणक कोणाचा हे कळले, तरी त्या वेळी त्यासमोर कोण बसले होते ते नोंदवहीत लिहिलेले नसते.

पुरावा किती पक्का?

आता साखळीचे पहिले टोक पाहू. अमुक पत्त्यावरून अमुक गाणे वाटले जात आहे, हे तक्रारदाराला कसे कळते?

पेन स्टेटच्या प्रकरणात केवळ नाव जुळविले गेले. यापेक्षा चांगली पद्धत आहे. फाइलमधील सर्व बिटांवर एक ठरावीक गणिती क्रिया करून लहानसा अंक काढायचा. बोटाच्या ठशासारखा हा फाइलचा ठसा असतो. फाइलमधला एक बिट बदलला तरी ठसा पार बदलतो. ठसा जुळला, तर फाइल तीच आहे असे जवळजवळ खात्रीने म्हणता येते. पण ठशाने कळते ती फाइल. ती फाइल खरोखर त्या पत्त्याकडून मिळाली का, हे वेगळेच मोजमाप आहे.

ते करण्याचे दोन मार्ग आहेत. थेट मार्गात तक्रारदार त्या पत्त्याशी जोडणी करतो, फाइलचा तुकडा प्रत्यक्ष घेतो आणि तपासतो. अप्रत्यक्ष मार्ग स्वस्त असतो. बिटटोरेंट या पद्धतीत एक फाइल कोणकोण वाटत आहे याची यादी एक मध्यवर्ती संगणक ठेवतो. ती यादी घ्यायची आणि तिच्यातील सर्व पत्त्यांना नोटीस पाठवायची.

वॉशिंग्टन विद्यापीठातील मायकेल पियाटेक, तादायोशी कोनो आणि अरविंद कृष्णमूर्ती या संशोधकांनी हा अप्रत्यक्ष मार्ग किती विश्वसनीय आहे ते तपासले. त्यांचा निबंध २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचे प्रोग्राम अशा याद्यांमध्ये नाव नोंदवीत, पण फाइल घेत नसत आणि देतही नसत. तरीही त्यांच्या यंत्रांवर शेकडो नोटिशी आल्या. मग त्यांनी पुढचा प्रयोग केला. यादी ठेवणाऱ्या काही संगणकांना स्वतःच्या पत्त्याऐवजी विद्यापीठातील दुसऱ्याच यंत्रांचे पत्ते कळविले. नोटिशी त्या यंत्रांविरुद्ध येऊ लागल्या. त्यांत छपाईची यंत्रेही होती. चित्रपट उतरवून घेणे ज्या यंत्राला शक्यच नाही, त्यावरही भंगाचा आरोप आला.

यावरून सर्व नोटिशी खोट्या असतात असे म्हणणे चुकीचे होईल. बहुतेक बरोबरच असतील. पण थोड्या चुकांचाही हिशेब मांडून पाहू. समजा, यादी, घड्याळ आणि खोली या तीन कड्यांपैकी प्रत्येक कडी १०० पैकी ९८ वेळा बरोबर आहे, आणि एका कडीतील चुकीचा दुसरीशी संबंध नाही. हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. तिन्ही कड्या बरोबर असण्याची शक्यता ०.९८ × ०.९८ × ०.९८, म्हणजे सुमारे ०.९४ येते. हजार नोटिशींमागे सुमारे ५९ विद्यार्थी विनाकारण गोवले जातील. प्रत्येक कडी पक्की वाटते, पण साखळी तेवढी पक्की राहत नाही. आकडेमोड दहावीच्या वर्गातही करता येईल इतकी सोपी आहे.

विद्यापीठे काय करतात?

नोटिशी घेण्यासाठी विद्यापीठ एक अधिकारी नेमते आणि त्याचे नाव अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयात नोंदविते. नोटीस आली की तिच्यात आवश्यक गोष्टी आहेत का, हे प्रथम पाहिले जाते: तक्रारदाराची सही, कलाकृतीचे नाव, ती कोठे आढळली, तक्रारदाराशी संपर्काचा मार्ग, आणि तक्रार सद्भावनेने केल्याचे निवेदन. त्यानंतर नोंदवही पाहून विद्यार्थी शोधला जातो आणि त्याला कळविले जाते. त्याचे नाव मात्र तक्रारदाराला दिले जात नाही. विद्यार्थ्यांच्या नोंदी गुप्त ठेवण्याचा १९७४ चा एक स्वतंत्र कायदा आहे. न्यायालयाचा समन्स आला तर नाव देता येते, पण त्याआधी विद्यार्थ्याला कळविण्याचा रास्त प्रयत्न करावा लागतो.

यापुढची वाट प्रत्येक विद्यापीठाची वेगळी असते. साधारण रीत अशी, की पहिल्या वेळी समज देतात किंवा कॉपीराइटवरील लहानसा पाठ पुरा करायला लावतात. दुसऱ्या वेळी जोडणी काही काळ बंद करतात. पुन्हा घडल्यास प्रकरण शिस्तपालन कार्यालयाकडे जाते. स्टॅनफर्ड विद्यापीठाने २००७ मध्ये तोडलेली जोडणी पुन्हा देण्यासाठी पहिल्या वेळी १००, दुसऱ्या वेळी ५०० आणि तिसऱ्या वेळी १००० डॉलर आकारण्याचे ठरविले. जोडणी तुटणे ही किरकोळ शिक्षा वाटेल. पण गृहपाठ, ग्रंथालय आणि प्राध्यापकांशी पत्रव्यवहार हे सारे त्याच तारेवर अवलंबून असते, हे विसरता येत नाही.

पत्रांचे वर्ष

खरी कसोटी लागली ती २००७ मध्ये. त्याआधी डिसेंबर २००३ मध्ये व्हेरायझन कंपनीच्या खटल्यात वॉशिंग्टन येथील अपील न्यायालयाने एक महत्त्वाचा निर्णय दिला होता. कायद्यातील झटपट समन्सची सोय वापरून केवळ वाहिनी असलेल्या सेवादात्याकडून ग्राहकाचे नाव काढून घेता येणार नाही, असा तो निर्णय होता. नाव हवे तर अज्ञात व्यक्तीविरुद्ध रीतसर दावा दाखल करणे आले.

२८ फेब्रुवारी २००७ रोजी आर.आय.ए.ए.ने नवा मार्ग काढला. १३ विद्यापीठांकडे ४०० पत्रे पाठविली आणि ती त्या त्या विद्यार्थ्यांना पोचवावीत अशी विनंती केली. दावा दाखल होण्यापूर्वी थोड्या दिवसांत तडजोड केली, तर कमी रकमेत सुटका होईल, असे पत्रांत म्हटले होते. ही रक्कम सामान्यतः काही हजार डॉलर असे. न्यायालयात गेल्यास प्रत्येक गाण्यामागे किमान ७५० डॉलर, आणि भंग जाणूनबुजून केल्याचे ठरल्यास १,५०,००० डॉलरपर्यंत भरपाई होऊ शकते. हे भय पोकळ नव्हते. बॉस्टन विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकणाऱ्या एका पदव्युत्तर विद्यार्थ्याला जुलै २००९ मध्ये ३० गाण्यांबद्दल ६,७५,००० डॉलरची भरपाई ठोठावण्यात आली. बरीच अपिले होऊनही २०१३ मध्ये ती रक्कम कायम राहिली.

अशा वेळी निर्दोष विद्यार्थ्यानेही काय करावे? वकील लावावा तर तडजोडीहून अधिक खर्च. म्हणून पत्र केवळ पोचविणे ही वरवर तटस्थ दिसणारी कृतीसुद्धा तशी तटस्थ नव्हती. विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठाने ही पत्रे पोचविण्यास नकार दिला आणि वैध समन्स आल्यासच आपण माहिती देऊ असे कळविले. अनेक विद्यापीठांनी ती पोचविली. विद्यार्थ्याला आधी कळलेले बरे, अशी त्यांची बाजू होती, आणि तीही टाकाऊ नव्हती.

ऑरेगन विद्यापीठाकडे १७ विद्यार्थ्यांची नावे मागण्यात आली, तेव्हा राज्याचे महाधिवक्तेच विद्यापीठाच्या वतीने न्यायालयात उभे राहिले. त्यांचा मुद्दा आपल्या ओळखीचा आहे: १७ पैकी १६ बाबतींत मुलाखती आणि संगणकांची तपासणी केल्याखेरीज भंग कोणी केला हे सांगता येणार नाही. दोघांच्या खोलीतील पत्ता दोघांपैकी कोण हे सांगत नाही. न्यायालयाने २००८ मध्ये तो समन्स त्या स्वरूपात रद्द केला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात आर.आय.ए.ए.ने व्यक्तींवर सरसकट दावे लावण्याची मोहीम थांबवीत असल्याचे जाहीर केले.

आकडा आणि कायदा

नोटिशी मात्र थांबल्या नाहीत. १४ ऑगस्ट २००८ रोजी उच्च शिक्षणाचा नवा कायदा झाला. सरकारी विद्यार्थी-साहाय्य घेणाऱ्या संस्थांवर त्याने तीन कामे सोपविली: विद्यार्थ्यांना दरवर्षी कॉपीराइटविषयी माहिती देणे, भंग रोखण्याची लेखी योजना आखून तिच्यात किमान एक तांत्रिक उपाय वापरणे, आणि शक्य तेथे कायदेशीर पर्याय उपलब्ध करून देणे. नोटीस स्वीकारून तिच्यावर कार्यवाही करणे हाही एक तांत्रिक उपाय मानला गेला.

या कायद्याची चर्चा चालू असताना एक आकडा वारंवार पुढे केला जात होता. चित्रपट कंपन्यांच्या संघटनेने २००५ च्या पाहणीच्या आधारे सांगितले होते की, देशांतर्गत नुकसानीपैकी ४४ टक्के नुकसान महाविद्यालयीन विद्यार्थ्यांमुळे होते. जानेवारी २००८ मध्ये संघटनेने स्वतःच कबूल केले की, हिशेबात चूक होती आणि आकडा सुमारे १५ टक्के आहे. तोवर विद्यार्थी हेच मोठे गुन्हेगार ही समजूत पुष्कळ पसरली होती.

आपल्यासाठी

महाराष्ट्रातून दरवर्षी अनेक विद्यार्थी पदव्युत्तर शिक्षणासाठी अमेरिकेत जातात, पुष्कळदा कर्ज काढून. त्यांना निघण्यापूर्वी काही गोष्टी सांगाव्यात. अनधिकृत फाइली वाटू नयेत आणि उतरवून घेऊ नयेत, ही पहिली. आपले राउटर परवलीच्या शब्दाविना उघडे ठेवू नये. नोटीस आलीच, तर ती फेकून देऊ नये आणि घाबरून अनोळखी ठिकाणी पैसेही भरू नयेत. नोटिशीतील तारीख, वेळ आणि ती कोणत्या प्रमाणवेळेची आहे ते पाहावे. त्या वेळी आपण व आपले यंत्र कोठे होते ते लिहून काढावे, आणि विद्यापीठाच्या कार्यालयाशी ठरलेल्या मुदतीत बोलावे. अनेक विद्यापीठांत विद्यार्थ्यांना कायद्याचा सल्ला विनामूल्य किंवा अल्प शुल्कात मिळतो.

वर्गातही याचा उपयोग होईल. फळ्यावर चार वाक्ये लिहावीत: हा पत्ता यादीत होता, या पत्त्यावरून फाइल मिळाली, हा पत्ता या खोलीतील यंत्राचा होता, या विद्यार्थ्याने फाइल वाटली. एका वाक्यावरून पुढच्यावर जाण्यासाठी कोणती माहिती लागेल, आणि ती नसेल तर किती म्हणता येईल, हे विद्यार्थ्यांनाच सांगू द्यावे. पहिल्या वाक्यावरून चौथ्यावर उडी मारणारा एखादा हमखास निघतो. त्याला न रागावता मधली दोन वाक्ये पुन्हा वाचायला लावावीत. चांगल्या विद्यापीठाचे कार्यालय नोटीस हाती आल्यावर हेच करते.